ढब्बूच्या तोंडाचा वास जातो आणि चार दिवसांत परत येतो: नेमकं कुठं चुकतंय?

रविवारी कुत्र्याचे दात घासायचे, सोमवार-मंगळवार बरे जायचे आणि बुधवारी संध्याकाळी ढब्बूनं मांडीवर येऊन जांभई दिली की पुन्हा तोच वास. तुंबलेल्या मोरीसारखा. आमच्या घरात हे सहा-सात महिने चाललं होतं. ढब्बू आमचा पामेरियन. खरं तर स्पिट्झ, पण सांगलीत पांढरं झुपकेदार कुत्रं दिसलं की ते पामेरियनच. वय साडेपाच, वजन साडेआठ किलो आणि रुसवे नव्या जावयाचे.

घरगुती उपाय मी झाडून सगळे केले होते. हळद-खोबरेल, कडुलिंबाची काडी, गाजर, दह्यात कोथिंबीर. प्रत्येकानं थोडा फरक पडायचा आणि चार दिवसांत पुसला जायचा. मग कळलं की वास परत यायची कारणं वेगवेगळी असतात आणि मी सगळ्यांवर एकच औषध लावत होते. आमच्याकडं ज्या क्रमानं ती उलगडली त्याच क्रमानं लिहिते.

हात घालण्याआधी एक गोष्ट

कुत्र्याची लाळ अचानक गळायला लागली, जबडा लोंबतोय, पाणी गिळता येत नाही, भुंकण्याचा आवाज घोगरा झालाय, असं दिसलं तर ‘घशात हाड अडकलं असेल’ म्हणून तोंडात हात घालू नका. रेबीजमध्ये असंच दिसतं आणि हाड काढायला गेलेला माणूस त्यात सापडतो. कुत्र्याला एकटं बांधा आणि डॉक्टरांना बोलवा. लाळ जखमेवर किंवा ओरखड्यावर लागली असेल तर साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचं. कुत्र्याची वर्षाची लस झालेली असली तरी.

हे सोडलं तर पुढचं सगळं घरी बघता येतं.

तोंड उघडायचं नाही, ओठ उचलायचा

माझी पहिली चूक हीच. मी ढब्बूचा जबडा फाकवायला जायची आणि तो पलंगाखाली. तोंड उघडायची गरजच नसते. खिडकीपाशी उजेडात बसायचं, कुत्र्याचं तोंड मिटलेलंच ठेवायचं आणि अंगठ्यानं वरचा ओठ डोळ्याच्या दिशेनं मागं सरकवायचा. डोळ्याच्या बरोबर खाली वरच्या जबड्यातली सगळ्यात मोठी दाढ दिसते. लाळेची एक मोठी नळी तिच्याजवळच उघडते, त्यामुळं कीटण, म्हणजे दातावरचं कडक कवच, बहुतेक वेळा आधी तिथं बसतं. पुढचे दात आरशासारखे चकचकीत असले तरी ही दाढ बघितल्याशिवाय काही बोलू नये.

ढब्बूच्या त्या दाढेवर चहाच्या जुन्या किटलीत आतून बसतं तसं तपकिरी कवच होतं. दाढेचा अर्धा भाग त्याखाली गेला होता आणि वर जिथं हिरडी सुरू होते तिथं पेन्सिलीनं ओढावी तशी लाल रेघ.

आता ओल्या सुती कापडानं ती दाढ दोन-तीनदा घासा. कापडावर पिवळट बुळबुळीत काहीतरी येऊन दात साफ झाला, तर तो नुसता थर आहे आणि घरच्या उपायांनी भागेल. कितीही घासलं तरी कवच जागचं हलत नसेल, तर ते कीटण. त्याला हळद, खोबरेल, काडी, गाजर काहीही उपयोगाचं नाही. इथंच मी सहा महिने वाया घालवले.

थर दातावर काही तासांतच धरायला लागतो. लाळेतले क्षार त्यात मुरून दोन-तीन दिवसांत तो कडक व्हायला लागतो. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी असते. त्यामुळं त्यांचे दात आपल्यासारखे सहसा किडत नाहीत, पण कीटण मात्र झपाट्यानं धरतं. म्हणजे रविवारी घासलं तर बुधवारपर्यंत थराचा दगड व्हायला सुरुवात झालेली असते, आणि पुढच्या रविवारी मी त्या दगडावर हळद चोळत होते. आठवड्यातून एकदा दात घासणं म्हणजे आठवड्यातून एकदा भांडी घासण्यासारखं आहे, करपलेल्या दुधाच्या पातेल्याला काही ते पुरत नाही.

ढब्बूसारख्या लहान जातींना हे जास्त. मोठ्या कुत्र्यालाही ४२ दात आणि ढब्बूच्या एवढ्याशा जबड्यातही ४२. दाटीवाटीत फटी बुजतात, अन्न अडकतं. त्यात आमच्या ताटात दूध-चपाती, दूध-भाकरी. चावायचं कामच नाही, सगळं लुसलुशीत आणि चिकट.

कीटण असेल तर

डॉक्टरांकडंच. आधी रक्त तपासून मूत्रपिंड आणि यकृत ठीक आहेत ना ते बघितलं, मग भूल देऊन, श्वासनलिकेत नळी घालून अल्ट्रासोनिक स्केलरनं, म्हणजे बारीक कंपनांनी कीटण सोडवणाऱ्या यंत्रानं, साफ केलं. भुलीचं नाव काढल्यावर माझ्या पोटात गोळा आला होता. डॉक्टर म्हणाले, “ताई, दिसतंय ते कीटण काढायला भूल लागत नाही, हिरडीच्या आत आहे त्याला लागते. आणि रोग आतल्यामुळं होतो.” जागेपणी नुसतं वरवर खरवडून दात पांढरे करून देणारेही भेटतात, दात दिसायला छान होतात आणि आतली घाण तशीच राहते. घरी नखानं, सुरीच्या टोकानं किंवा स्केलर मागवून खरवडणं त्याहून वाईट. दातावर बारीक चरे पडतात आणि पुढचा थर त्यात आणखी घट्ट बसतो.

ढब्बूचे खालचे पुढचे दोन दात हलत होते, ते काढले. संध्याकाळी घरी आला आणि मऊ भात खाऊन झोपला. जेवत होता म्हणून मला वाटायचं त्याला काही दुखत नसणार. कुत्री दुखत असतानाही जेवतात. फक्त एकाच बाजूनं चावतात, घास खाली पाडतात किंवा न चावता गिळतात. हे सगळं तो करत होता. मला ती खाण्याची घाई वाटायची.

माणसाच्या दातासाठी मिरजेत दर वळणावर दवाखाना आहे. कुत्र्याच्या दातासाठी मात्र जरा चौकशी करावी लागते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींचीच रांग असते, म्हणून लहान प्राण्यांचं काम करणारे डॉक्टर शोधा आणि भूल, स्केलर, एक्स-रे तिघांची सोय आहे का ते फोनवरच विचारा. सातारा बाजूच्यांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

घरचे उपाय: चूळ भरता येत नाही, हे लक्षात ठेवून

दात कोरे करून आणल्यावर घरच्या उपायांची खरी पाळी येते. त्यांना पारखायला मी एकच प्रश्न ठेवलाय. कुत्र्याला चूळ भरून थुंकता येत नाही. तोंडात घातलेलं सगळं पोटात जाणार. मग हे रोज, वर्षभर, पोटात गेलेलं चालेल का?

हळद चालते. साडेआठ किलोच्या कुत्र्याला अर्धा चमचा खोबरेलात चिमूटभर, तेवढीच. खोबरेल शेवटी तेलच, रोज वाटीभर दिलं तर कुत्रं लठ्ठ होतं, जुलाब लागतात, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पित्ताशयाचा त्रास असलेल्या किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्या कुत्र्याला हळद डॉक्टरांना विचारूनच. शक्यतो घरची हळकुंडं दळलेली घ्या, सुट्या पिवळ्याधमक पावडरीत रंग असू शकतो. आम्ही हरिपूर रस्त्याला राहतो. २००५ च्या पुरात इथली हळदीची पेवं (जमिनीखालची कोठारं) बुडाली तेव्हाची हळहळ अजून घरात निघते, त्यामुळं हळदीबद्दल माझ्यासमोर कुणी वाकडं बोलू नये. पण सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं म्हणून ती कीटण खरवडत नाही. ती हिरडीची सूज थोडी कमी करते, एवढंच. थर निघतो तो बोटावरच्या कापडानं. नुसत्या ओल्या कापडानं रोज घासलं तरी हळद लावून आठवड्यातून एकदा घासण्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोग होतो, हे मी दोन्ही करून बघितलंय. शिवाय पांढरं कुत्रं असेल तर तयारी ठेवा: पहिला महिनाभर ढब्बूचं तोंड हळद लागलेल्या नवरदेवासारखं होतं आणि गल्लीतली पोरं विचारायची, लग्न कधी?

गाजर चालतं. बोटाएवढा लांब तुकडा, समोर बसून खाऊ घालायचा. लहान गोल चकत्या घशात अडकतात. गाजरानं दाढेचं टोक घासलं जातं, हिरडीची कड नाही, म्हणून ते घासण्याच्या जागी धरू नका. दही-कोथिंबिरीनं वास झाकला जातो. मी आता ते मुद्दाम देत नाही, कारण वास हाच तर आपला निरोप्या आहे.

बाकीचे बरेचसे उपाय या प्रश्नावर नापास होतात. मीठ आणि खायचा सोडा रोज पोटात गेला तर नुसतं सोडियम. लिंबाचा रस दाताच्या चकाकीवर आम्ल ओतणं आहे. लवंगेच्या तेलानं हिरडी पोळते, आणि बधिर झाली तर दुखणं लपतं. आपली टूथपेस्ट अजिबात नाही: फ्लोराइड आणि फेस पोटाला नको, आणि तिच्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर अर्ध्या-एक तासात कुत्र्याची साखर धाडकन उतरते, यकृतही जातं. कुत्र्यांची वेगळी पेस्ट मिळते, ती गिळली तरी चालते.

शेजारच्या आक्का मायेनं म्हणाल्या होत्या, “जरा मिश्री लाव की हिरडीला, दोन दिवसांत वास जातोय बघ.” आक्कांचं वय बघता त्यांना काय बोलणार. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. एवढ्याशा जिवाला ते निकोटिन उलट्या, थरथर, हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत नेतं. मिश्रीची डबी कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवायची, हेच त्यातलं औषध.

आणि दात घासू दिले म्हणून बक्षीस द्यायचं तर बेदाणा नको. तासगाव भागातले पाहुणे येताना पिशवीभर घेऊन येतात, लाडानं दोन-चार कुत्र्यासमोरही टाकतात. द्राक्षं आणि बेदाण्यानं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. “आमच्या शेडवरची कुत्री रोज खातात, काय होत नाही” हे मी ऐकलंय. काहींना होत नाही, काहींना थोड्यानंही होतं आणि कुणाला होईल ते आधी कळत नाही. खाल्लेच तर उलटीची वाट न बघता डॉक्टरांना फोन.

रोज घासूनही वास परत आला, आणि तोही एकदम

आता दुसरं कारण. स्वच्छता झाल्यावर मी नेमानं रोज घासत होते, तीन महिने छान गेले. मग एका आठवड्यात वास परत आला आणि आधीपेक्षा घाण, सडल्यासारखा. दाढा बघितल्या तर साफ. ढब्बू पुढच्या पायानं तोंड चोळत होता, जिभेनं सारखं टाळ्याला चाटल्यासारखं करत होता.

हे माझंच कर्तृत्व होतं. मधूनमधून मी त्याला कडुलिंबाची काडी चावायला द्यायची. ताजी, नैसर्गिक, आपल्या आजोबांनी जन्मभर वापरलेली. डॉक्टरांनी टॉर्च मारून तोंड वर केलं आणि मला दाखवलं: टाळ्याला आडवा, डाव्या दाढेपासून उजव्या दाढेपर्यंत, काडीचा एक तुकडा पाचर मारल्यासारखा बसला होता. खालची जागा काळपट लाल, त्यावर पांढरा लेप. चिमट्यानं एका बाजूनं खाली ओढल्यावर टक् आवाज होऊन तो निघाला आणि खोलीभर वास सुटला. चार दिवसांत तोंड पूर्ववत.

तेव्हा वास हळूहळू न वाढता एकदम आला असेल, तर दातांच्या आधी टाळा बघा. काडी, हाडाची किरच, उसाची चोथ्याची शीर, कणसाचा तुकडा, काहीही आडवं बसतं. उसाचं कांडं चघळायला देण्याची आपल्याकडं पद्धत आहे, त्यात साखर आणि शिरा दोन्ही आल्या. आजोबांची काडी ठीक होती, कारण आजोबा ती थुंकत होते.

डोळ्याखाली सूज येते, फुटते, भरते आणि परत येते

हे मामांच्या कुत्र्याचं. मामा जत तालुक्यात असतात. त्यांच्याकडं कारवानी आहे, लांब तोंडाची, काटक, सशामागं वाऱ्यासारखी धावणारी. ढब्बूच्या दातांची कथा सांगितली तेव्हा मामा हसले होते. “अगं, कुत्र्याला कुठं दात घासायचं असतंय व्हय? माझ्या राणीचं दात बघ, मोत्यागत.”

राणीचे दात खरंच बरे होते. लांब जबड्यात दात सुटसुटीत असतात, थर कमी धरतो. पण तिच्या उजव्या डोळ्याखाली लिंबाएवढी सूज यायची. पहिल्यांदा गांधीलमाशी चावली म्हणून चुना लावला. फुटली, पू गेला, भरून आली. दीड महिन्यानं परत. मग कुणीतरी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, परत बरी, परत सूज.

दिवाळीला मी गेले तेव्हा सवयीनं राणीचा ओठ उचलला. मघाशी सांगितलेली डोळ्याखालची तीच मोठी दाढ. तिची बाहेरची कपची उडालेली होती, पाटीचा पापुद्रा सुटावा तशी, आणि मधोमध काळा ठिपका. त्या दाढेची मुळं थेट डोळ्याखालच्या हाडात असतात. दात तुटून आतली नस उघडी पडली की जंतू मुळाशी जातात, तिथं पू होतो आणि गालावर बाहेर पडतो. गोळ्यांनी पू आटतो, दात तसाच राहतो, म्हणून सूज परत येते. एक्स-रे काढून दाढ काढल्यावर ती पुन्हा आलेली नाही.

दाढ तुटली होती मटणाच्या नळीनं. शिजवलेलं हाड किरचा होऊन आतडं फाडतं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण कच्चं, टणक हाडसुद्धा दात फोडतं. चघळायला द्यायच्या कुठल्याही वस्तूवर अंगठ्याचं नख दाबून बघा, नख रुतलं नाही तर ती वस्तू दातापेक्षा मजबूत समजा. मामा अजून म्हणतात नळीनं दात बळकट होतात. राणीला मात्र आता सुती दोरीची गाठ मिळते.

वास तोंडातला नसेल तर

तोंड साफ, टाळा साफ, दाढा शाबूत आणि तरी वास, तर तो कसा आहे ते बघा. लघवीसारखा उग्र, सोबत पाणी जास्त पिणं आणि वजन उतरणं, तर मूत्रपिंड तपासा. पिकून गेलेल्या फळासारखा गोडसर वास आणि सुस्ती, तर मधुमेह. हे काम उद्यावर टाकण्यातलं नाही. कुबट माशासारखा असेल तर बहुधा शेपटीखालच्या ग्रंथी भरल्यात आणि कुत्रं तिथं चाटतंय. शेण किंवा विष्ठा खायची सवय असेल तर कारण अंगणातच सापडेल. हिरड्या पांढऱ्या फटक दिसल्या किंवा घासल्याविना रक्त येत असेल तर दात सोडा, गोचीड ताप आहे का ते रक्तात बघा. पिल्लू चार ते सहा महिन्यांचं असेल तर दात पडतानाचा थोडा वास चालतो. फक्त सहा-सात महिन्यांनंतर दुधाचा सुळा आणि पक्का सुळा शेजारी शेजारी उभे दिसले तर दाखवून घ्या, लहान जातींत हे फार होतं.

आमची रोजची पद्धत

पहिले आठ दिवस घासलंच नाही. ओठ उचलायचा, दाढेला बोट लावायचं, सोडून द्यायचं. बोटाला चिकन उकडलेलं पाणी, बिनमिठाचं आणि कांदा-लसूण नसलेलं. आपल्या रश्श्यातलं नको, कांदा-लसणानं कुत्र्याचं रक्त कमी होतं. मग जुन्या धोतराची मऊ पट्टी तर्जनीला गुंडाळून. महिन्यानं लहान मुलांचा सगळ्यात मऊ ब्रश.

ब्रश तिरका धरायचा, अर्धा दातावर अर्धा हिरडीच्या कडेवर, आणि लहान गोल फिरवायचा. वरच्या मागच्या दाढांपासून सुरुवात, कारण कुत्र्याचा संयम संपतो तेव्हा निदान महत्त्वाचं झालेलं असतं. एका बाजूला अर्धा मिनिट, फक्त बाहेरून. आतल्या बाजूचं बरंचसं काम जीभ करते. वेळ रात्रीच्या जेवणानंतरची, रोज तीच. एखादा दिवस चुकतो, चुकू दे, सलग तीन चुकवायचे नाहीत. सुरुवातीला कापडावर गुलाबी डाग येतो. आठ-दहा दिवसांत तो थांबला पाहिजे. नाही थांबला तर आत काहीतरी राहिलंय. पाण्याचं भांडंही रोज घासून ठेवते, आतून बुळबुळीत लागतो तोही असाच थर.

दर महिन्याच्या एक तारखेला दोन्ही बाजूंचा ओठ उचलून मोबाइलवर फोटो काढते. रोज बघणाऱ्या डोळ्याला फरक कळत नाही, फोटो शेजारी ठेवले की कळतो. या महिन्याच्या फोटोत डावीकडच्या मोठ्या दाढेवर, हिरडीला लागून, मोहरीएवढा पिवळा ठिपका आहे. कापडानं निघत नाही. मी उजव्या हातानं घासते, त्यामुळं डावी बाजू घाईत उरकली जात असणार. शनिवारी डॉक्टरांना दाखवायचं ठरलंय, आणि कालपासून सुरुवात डावीकडून करते.